पाचवी खुंटी

ठिकाण:

पाचवी खुंटी जागेवर नव्हतीच. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात भाचीने चारी बाजूंना मान फिरवून पाहिली. बारा वर्षं दर पंधरवड्याला ती इथे यायची, खुंटीशेजारी उभी राहायची, चौकट टाकायची, चौकटीतला चिखल उपसून चाळायची नि त्यातले जीव मोजून लिहायची.

"नेली लाटेने," मामी म्हणाली. तिच्या हातात बादली होती. पाच वर्षांपूर्वी शिंपल्या काढायला बंदी आली, तेव्हा त्यावरच पोट असलेल्या मामीला भाचीच्या कार्यालयाने ही बादली धरायला ठेवली. बंदी आली ती भाचीच्या आकड्यांवरून. दोघी त्या विषयावर कधी बोलत नसत.

"टाक चौकट कुठेतरी. पाणी चढेल आता."

भाचीने खुंट्यांची नेहमीची वाट सोडली. पंधरा पावलं आडवी गेली, पोटरीपर्यंत रुतली, आणि चौकट टाकली.

जीव:

शिंपल्या एकतीस. किड्यांचा तर हिशोबच लागेना.

"मामी, चाळणी धुतली होतीस ना?"

"चाळणीत काय शिंपल्या चिकटून राहतात? पीठ चाळतेयस का?"

आणखी पुढे जाऊन पुन्हा टाकली. अठ्ठावीस. पुन्हा. चौतीस.

मग ती धडपडत सहाव्या खुंटीपाशी गेली. शून्य. मागच्या खेपेला होतं तसंच, त्याच्या मागच्या खेपेला होतं तसंच.

तळ:

सहाव्या खुंटीपाशी फावडं धड आत जाईना. मामीने शेजारी टाच आपटून पाहिली, मग वळून किनाऱ्याकडे बघितलं. किनाऱ्यापासून एकेका खुंटीला शिवत एक पट्टा आला होता. सपाट, फिकट, चोपून काढलेल्या अंगणासारखा.

"ही वाट कुणी पाडली गं?"

भाचीने फावडं पुन्हा रोवून पाहिलं.

"आम्हीही चिखलच तुडवायचो. पण आज इथे तर उद्या तिथे. तुम्ही शिकलेली माणसं एकाच जागी बारा वर्षं नाचलात, आणि लिहिलंत, इथे काही जगत नाही. का? तर मामीने ओरबाडून नेलं." तिने हातातल्या बादलीकडे पाहिलं. "आणि पाच वर्षं मीही तुझ्या मागून इथेच नाचले. बादली घेऊन."

फोनवर:

"खुंटी सोडून घेतलेला नमुना धरता येत नाही," कार्यालयातले साहेब म्हणाले.

"साहेब, पण खुंटीपाशी आपल्याच पायांनी..."

"अहवाल उद्या जातोय. बंदी आणखी दहा वर्षं वाढतेय. बारा वर्षं चुकीचं मोजलं असं कळवू का? प्रत्येक पानावर सही तुमची आहे, माझी नाही."

शेरा:

मामी तोवर गुडघ्यांवर बसून शिंपल्या परत चिखलात पुरत होती. एकेक. कुणी बघत नव्हतं, तरी एकही तिने पदरात टाकली नाही.

"लिहिलंस?"

भाचीने लिहिलं होतं.

"वाच."

"खुंटी सापडली नाही. नोंद घेतली नाही."

मामीने शेवटची शिंपली पुरली, वरून हात फिरवला. उठली. बादली तिथेच ठेवून ती मऊ चिखलातून सरळ घराच्या दिशेने निघाली. प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागत होतं, तरी तिने एकदाही वाटेकडे पाहिलं नाही.

पाणी चढू लागलं होतं. भाचीने बादली उचलली आणि नेहमीच्या वाटेने परत फिरली. ती मामीच्या कितीतरी आधी किनाऱ्याला लागली. तिच्या वाटेवर पाय जराही रुतत नव्हते.