वाक्यात उपयोग करा

धामणकर सरांच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली, तेव्हा कुमुदताईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"काही दिसतंय का, सर?" डॉक्टरांनी विचारलं.

सरांनी दोन-तीनदा पापण्यांची उघडझाप केली. मग म्हणाले, "ग्लिमर."

कुमुदताई पुढे वाकल्या. इंग्रजीच्या मास्तरांबरोबर चाळीस वर्षं संसार केला, पण हा शब्द कधी कानावर आला नव्हता. "अहो, म्हणजे काय?"

"अंधूक, लुकलुकणारा उजेड."

तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. शिकवणीच्या पोरांना सर जे दरडावून सांगायचे, तेच त्यांनी सरांना ऐकवलं, "नुसता अर्थ नको. वाक्यात उपयोग करा!"

सरांचा हात न चाचपडता थेट कुमुदताईंच्या नाकाशी आला.

"तुझ्या चमकीचा ग्लिमर दिसतोय. आता रडू नकोस, तो हलतोय."