पलीकडचा काठ

बँकॉकच्या कालव्याकाठी चाहत्यांची झुंबड उडाली होती. लाडक्या जुन्या मारधाडपटात नायकाने पुलावरून मारलेली उडी इथलीच. थवी मात्र हिरमुसला. “दादा, ही ती जागाच नाही. विहार उजवीकडे होता, पूल डावीकडे. लहानपणापासून डोळ्यांत जपलंय! म्हातारपणी उगाच पायपीट करवलीस.” तंत्रविद्यालयात हयातभर आराखडे शिकवलेल्या थोरल्या विचियनला चूक तत्काळ उमगली. लहानपणी गावच्या जत्रेत सिनेमाच्या पडद्यापुढे बसायला तिकीट लागे. त्यामुळे तो धाकट्याला खांद्यावर घेऊन पडद्यामागे उभा राही. तिथून डावे ते उजवे दिसे, पण तो ऐटीत सांगे, “ही खास पाहुण्यांची जागा.” थवी ते अजूनही खरे मानत होता. विचियनने त्याचा हात धरून पूल ओलांडला. पलीकडून विहार उजवीकडे आला, पूल डावीकडे. थवीचा चेहरा उजळला. “बघ दादा, सगळे खुळे चुकीच्या काठावर उभे!” विचियनने गांभीर्याने मान डोलावली.