पावती आणि पिवळी रिबीन

या मायबापहो, असे पुढे सरकून बसा. देवाने कान दिलेत ते अशाच गोष्टींसाठी. एका शिंप्याची हकिगत सांगतो, मन लावून ऐका.

वाहन कराच्या कचेरीत तीन नंबरच्या खिडकीशी शिंपीकाका उभे होते. गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. हातात नोटांची गुंडाळी, तिला पिवळी रिबीन बांधलेली.

खिडकीतल्या बाई हसल्या. "आलात? तारीख चुकवाल तर शपथ! वाढदिवस असल्यासारखे येता की हो दरवर्षी."

"वाढदिवस नाही, बाई," काका म्हणाले.

बाईंनी गाडीचा नंबर विचारला नाही, तो त्यांना पाठ होता. मालवाहू जुना टेम्पो. "आणि मालकाची स्वारी यंदाही घरीच का? म्हाताऱ्याला उन्हात पायी पिटाळायचं नि आपण सावलीत बसायचं. चांगला लेक आहे!"

"त्याला ही तारीख जड जाते."

"कर भरायचा म्हटलं की सगळ्यांनाच जड जातं!"

रांगेत खसखस पिकली. काकाही कसनुसे हसले.

लोक कर का भरतात नि का चुकवतात, याची यंदा वरून चौकशी चालू होती. बाईंनी एक छापील कागद पुढे सरकवला. "दंडाची भीती, सवय, शेजाऱ्याचं पाहून, इतर. का भरता त्यावर खूण करा."

काकांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे सावकाश लिहिलं, 'ब्रेक'.

"अहो काका, हे काय कारण झालं?"

"झालं की. कर थकला तर तुम्ही गाडी तपासणीला घेत नाही. तपासणीच नाही तर ब्रेक कोण बघणार?" काकांनी खिडकीची कड घट्ट धरली. "पावती आजच द्या, बाई. ती त्याच्या हातात पडेपर्यंत मला घास उतरायचा नाही."

बाईंनी नोटा मोजून शिक्का मारला. काकांनी रिबीन उचलली, बोटावर गुंडाळली आणि छातीशी वरच्या खिशात ठेवली.

"एवढ्याशा चिंधीला काय जपता! दुकानात ढीग पडला असेल."

"ही दुकानातली नाही," म्हणत काका पावती घेऊन निघाले.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला खिडकीशी चाळिशीचा एक माणूस आला. त्याने तोच नंबर सांगितला आणि नोटांची गुंडाळी पुढे ठेवली. बाईंनी पिवळी रिबीन ओळखली.

"अखेर उजाडलं म्हणायचं! काका कुठे आहेत?"

"गेले. महिना झाला."

बाईंच्या हातातला शिक्का हातातच राहिला. पदराने डोळे टिपून त्या म्हणाल्या, "असा बाप मिळायला भाग्य लागतं हो."

"बाप नव्हते ते माझे, ताई."

"मग कोण?" बाईंनी विचारलं.

"मी कर चुकवायचो, म्हणून तपासणीही चुकवायचो. आठ वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी ब्रेक लागला नाही." त्याने गुंडाळी पुन्हा हातात घेतली. "तुरुंगातून सुटून घरी आलो, तर काका दारात उभे. वाटलं, मारायला आलेत. हातात पावती होती. म्हणाले, 'आता गाडी तपासून घे.'"

तो रिबिनीची गाठ सोडू लागला. ती सुटेना.

"ही त्यांच्या मुलीच्या वेणीतली आहे, ताई."

मायबापहो, ब्रेकवर पाय पडेल तेव्हा त्या लेकीची आठवण ठेवा.