पहिला घोट तिचा

बायकोने कपातला पहिला घोट घेतला आणि तो तिच्या भुवयांकडे बघत राहिला.

डावी भुवई जराशी वर गेली. ओठ आवळले गेले. मग तिने कप त्याच्याकडे सरकवला.

त्याने दणक्यात भुरका मारला, डोळे मिटले आणि कॉफी तोंडात घोळवली. तोंडात गरम पाणी होतं. नुसतं गरम पाणी.

"आंबटसर," तो म्हणाला. "आणि मागून जराशी कडवट."

"अगदी बरोबर," ती म्हणाली आणि लॅपटॉपवर टाइप करू लागली.

त्याचा जीव भांड्यात पडला.

कॉफ्या आणि चित्रविचित्र सोडे पिऊन त्यांच्याबद्दल लिहायचं, हा या नवराबायकोचा धंदा. वाचकांनी त्याचं नाव भुरकेराव ठेवलं होतं आणि वरवर कितीही वैतागला तरी त्याला ते आवडायचं. कामाची पद्धत ठरलेली. स्वयंपाकघरात पाकीट ती फोडणार, कॉफीही तीच करणार. त्याने लेबल बघायचं नाही, नाव ऐकायचं नाही, म्हणजे मोठ्या नावाला भुलायची भानगड नको. माल खराब तर नाही ना, हे बघायला पहिला घोट तिचा. दुसरा त्याचा, आणि निकालही त्याचाच.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग घरात ताप शिरला. दोघंही आडवी झाली. तिचा आधी उतरला, त्याचा नंतर, आणि त्याचा ताप जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही सोबत घेऊन गेला. तो गुपचूप डॉक्टरांना दाखवून आला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तेव्हाच बायकोला सांगून टाकायला हवं होतं. पण याच धंद्यापायी तिने बँकेतली चांगली नोकरी सोडली होती. तो बरा झाल्यावर पहिल्यांदा कप पुढे करताना ती इतक्या आशेने बघत होती, की त्याच्या तोंडून निघूनच गेलं, "मस्त!" एकदा थाप मारली की पुढे मारतच जावं लागतं. तेव्हापासून तो तिचा चेहरा वाचायचा आणि ते आपल्याच जिभेवर आल्यासारखं बोलायचा. रात्री मात्र तिच्याकडे पाठ करून झोपायचा. लाज वाटायची.

नवल म्हणजे वाचक पूर्वीपेक्षा खूश होते. "भुरकेराव, हल्ली तुमचं वर्णन आणि पाकिटावरचं वर्णन तंतोतंत जुळतं," असं एकाने कळवलं होतं. ते वाचून तो चक्रावला. जीभ शाबूत होती तेव्हा असं कधी जुळलं नव्हतं.

तेवढ्यात दार धडाधडा वाजलं. वरच्या मजल्यावरच्या काकू नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या.

"अगं, काय करपतंय तुमच्याकडे? माझ्या घरात बसवेना!"

बायको आत धावली. दुधाच्या पातेल्याचा कोळसा झाला होता.

"लिहिण्याच्या नादात लक्षच गेलं नाही हो," ती आतून म्हणाली.

"तुझं ठीक आहे," काकू त्याच्याकडे वळल्या. "पण यांनी नाक काय शोभेला ठेवलंय?"

"काकू, कामावर असताना मी नाक फक्त कपात घालतो," तो कसाबसा म्हणाला.

काकू हसत हसत गेल्या. बायको हसली नाही. ती पातेलं घासत राहिली, घासून काही उपयोग नव्हता तरीही. हिला संशय आला की काय? काही कळेना.

मग सोड्याची पाळी आली. तिने स्वयंपाकघरातून दोन ग्लास भरून आणले. सोडा पाण्यासारखा नितळ, वर बुडबुडे. तिने घोट घेतला. खांदे शहारले, डोळे बारीक झाले, आणि मग चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

त्याने घोट घेतला. टोचणारं पाणी.

"बाप रे," तो म्हणाला. "आधी चांगलाच कडू. मग हळूहळू गोडवा येतो, आणि तो बराच वेळ रेंगाळतो."

"भाजलेल्या संत्र्याच्या सालीचा आहे," ती म्हणाली. "कसं रे ओळखतोस?"

फोन वाजला. तिचे हात टाइप करण्यात गुंतले होते, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला. सोडा बनवणारा होता.

"वहिनी, घोटाळा झाला! तुमच्या बाटलीत अर्क घालायचाच राहिलाय. ना साल, ना साखर, नुसता साधा सोडा आहे तो. भुरकेरावांच्या एका घोटात लक्षात आलंच असेल म्हणा. कृपा करून त्यावर लिहू नका, नवी बाटली पाठवतो."

फोन बंद झाला. समोर पडद्यावर त्याचे शब्द तसेच होते. आधी कडू, मग गोडवा.

म्हणजे आज तिचा चेहरा वाचण्यातही आपण चुकलो. बायको पांढरीफटक पडली होती. ती आता काय म्हणणार, हे त्याला दिसत होतं. कशासाठी सोडली मी नोकरी?

"ऐक," तो म्हणाला. "मला काही कळत नाही. ना चव, ना वास. तापापासून. तू घोट घेतल्यावर जसं तोंड करतेस, ते बघून मी बोलतो. फसवलं मी तुला. आता काय बोलायचं ते बोल."

ती उठून स्वयंपाकघरातून सोड्याची बाटली घेऊन आली. आजवर त्याला कधी बघू न दिलेलं लेबल तिने त्याच्याकडे फिरवलं. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: सुरुवातीला कडू, नंतर रेंगाळणारा गोडवा.

"तुला पण?" ती म्हणाली.