तोंडी ऑर्डर

"लिहून दिल्याशिवाय इंजेक्शन मिळणार नाही, डॉक्टर," नवी सिस्टर म्हणाली आणि अख्खा वॉर्ड माना वळवून बघू लागला.

मोठ्या डॉक्टरांना 'नाही' ऐकायची सवय नव्हती. हॉस्पिटल त्यांनीच उभं केलेलं. त्यांच्या नुसत्या खाकरण्याने भलेभले सुतासारखे सरळ व्हायचे. आणि ही कालपरवा पदवी घेतलेली पोरगी त्यांच्या नजरेला नजर भिडवत होती!

"पेशंट कळवळतोय, दिसत नाही?" ते गरजले.

"दिसतंय. पण आधीचं इंजेक्शन होऊन फार वेळ झालेला नाही. लगेच दुसरं दिलं तर श्वास मंदावेल."

"मला शिकवतेस?"

थोरल्या सिस्टरने तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. "अगं बाई, देऊन टाक ना! त्यांच्याशी कोण वाकडं घेतं? तुझी नोकरी अजून कच्ची आहे. उद्या घरी बसवतील."

ते खरंच होतं. आईने लोकांचे कपडे शिवून तिला शिकवलं होतं आणि पहिला पगारही अजून हातात पडायचा होता. पण भीतीपेक्षा तिला राग जास्त आला. पदवीदानाच्या दिवशी याच डॉक्टरांनी व्यासपीठावरून ठणकावलं होतं, "समोरचा कितीही मोठा असो, तोंडी सांगण्यावरून औषध देऊ नका. अगदी मी सांगितलं तरी!" तिने हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या. मग ते काय नुसतं टाळ्यांपुरतंच होतं?

ती परत फिरली. "नाही म्हणजे नाही, डॉक्टर."

"बरं, आण कागद! लिहून देतो, सही ठोकतो. मग तर झालं?"

थोरलीच्या जिवात जीव आला. नवी मात्र जागची हलली नाही.

"तुमची सही चालणार नाही."

"माझी? माझ्या हॉस्पिटलात माझी सही चालणार नाही?" डॉक्टरांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. "उद्याच्या उद्या तुला घरी पाठवतो!"

"खुशाल पाठवा. तोवर हा पेशंट माझ्याकडे आहे. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना निरोप धाडलाय. ते तपासतील, त्यांना पटलं तर लिहितील."

एवढं बोलून तिने मोठ्या डॉक्टरांचा प्लास्टरमधला पाय हलकेच उशीवर ठेवला, चादर त्यांच्या छातीपर्यंत ओढली आणि कॉटचा कठडा वर करून लावला.