हिरवी नावं

‘ॲक्सेस इज डिनाइड.’

स्नेहलने ती पाटी बंद केली आणि त्याच फोल्डरवर पुन्हा क्लिक केलं. पुन्हा तीच पाटी. घड्याळात सव्वादोन वाजले होते. डॉक्टरांची वेळ चारची होती. कोरी सीडी तिने सकाळीच ट्रेमध्ये ठेवली होती.

मागे फरशीवर तिच्या सासूबाई, कौशल्याबाई, वालपापडी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी पाच वर्षांची मिताली शेंगा मोडून देत होती. स्नेहल दर मिनिटाला मान वळवून लेकीकडे बघत होती. तिच्या ओठांकडे.

“आज न्यायलाच हवंय का तिला?” कौशल्याबाई म्हणाल्या. “मागच्या खेपेला डोक्याला वायरी लावून कागद काढला, तो चांगला आला ना?”

“डॉक्टर म्हणाले, आया घाबरून काहीही सांगतात. सांगू नका, शूटिंग करून दाखवा. बघितल्याशिवाय ते औषध सुरू करणार नाहीत, आई.”

“काय दाखवायचं? पोर जरा तंद्री लावून बसते. आमच्या घराण्यात असलं कुणाला नाही.”

स्नेहलने फोन ओढला आणि लहरीपुऱ्यातल्या गुजराती कॉम्प्युटरवाल्याचा नंबर फिरवला. व्हायरस शिरला म्हणून कालच तो घरी येऊन विंडोज नव्याने टाकून गेला होता. जाताना म्हणाला होता, डी ड्राइव्हला हात लावलेला नाही, तुमचं सगळं आहे तसंच आहे.

“गभरावू नका, बेन,” तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. “परमिशननो प्रॉब्लेम छे. कॉम्प्युटर नवा झाला ने, तो तुमाला ओळखत नाय. त्याला सांगावा लागेल, की मालक तुमीच.”

तो सांगत गेला, ती करत गेली. आधी एक खूण काढली, तेव्हा कुठे सिक्युरिटीचं पान दिसायला लागलं. मग ॲडव्हान्स्ड, मग ओनर. यादीत तिचं नाव होतं, ते निवडलं. “खालच्या चौकटमां पण टिक मारा, नायतर आतल्या फाइल येनार नाय.” तिने टिक मारली. ओके. पट्टी भरत गेली आणि फोल्डर उघडलं.

स्नेहलने श्वास सोडला. मितालीच्या शूटिंगच्या एकतीस फायली. फोल्डरला तिने ‘रेसिपी’ नाव दिलं होतं, म्हणजे कुणी उघडू नये. आतल्या फायलींना मात्र खरी नावं होती. इंग्रजी अक्षरांत तारीख, जागा, सेकंद.

पहिल्या फायलीवर तिने क्लिक केलं. तीच पाटी.

“नाव कुठल्या कलरमां दिसते?” फोनवरून प्रश्न आला.

“हिरव्या.”



“बेन, तुमी एन्क्रिप्ट केलेला?”

“कुलूप घातलं होतं मी. दिवाळीत. प्रॉपर्टीजमध्ये एक चौकट होती, तिथे टिक मारली.”

“एनी चावी जुन्या विंडोजमां होती. ती तर काल पुसली. बोलायचा ने आधी.” त्याचा आवाज खाली आला. “दुसरी कॉपी हशे ने? कॅमेऱ्यात?”

कॅमेरा नणंदेचा होता. कार्ड रिकामं करून तिने तो कधीच परत केला होता.

“नाही,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

कौशल्याबाईंचे हात थांबले होते. “कुलूप कशाला घातलंस?”

“भाऊबीजेला वन्संच्या मुलांनी उघडून बघितलं, तेव्हा तुम्हीच म्हणालात, पुसून टाक. पोरीचं लग्न व्हायचंय उद्या.” स्नेहल स्क्रीनकडेच बघत होती. “मला पुसवेना.”

तिने कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूला डॉक्टरांसाठी फायलींची नावं उतरवून घ्यायला लागली. अक्षरं डोळ्यांपुढे हलत होती, म्हणून एकेक मोठ्याने म्हणत लिहीत होती.

“सोळा ऑगस्ट, गच्ची, चाळीस सेकंद. दोन सप्टेंबर, अभ्यास करताना, तीस सेकंद. एकोणीस सप्टेंबर, गौरीजेवण, बावीस...”

“खिरीची वाटी पडली, ते?”

स्नेहलने वळून पाहिलं. “हो.”

“गौरींपुढेच सांडली होती. सगळी पंगत बघत होती.” कौशल्याबाई ताटातल्या पापडीकडे बघत म्हणाल्या. “वाटी पडायच्या आधी चावल्यासारखं तोंड हलवत होती. नुसतंच. तोंडात घास नव्हता.”

स्नेहलच्या हातातलं पेन तसंच राहिलं. “तुम्ही बघितलं होतंत?”

“समोरच बसले होते ना मी.” त्यांनी ताट बाजूला सरकवलं. “तरी थापड मारली तिला.”

फायलीत ती थापड नव्हती. वाटी पडल्याबरोबर स्नेहलने कॅमेरा बंद केला होता.

“मी येते तुझ्याबरोबर,” कौशल्याबाई म्हणाल्या. “डॉक्टरला मी सांगेन.” त्यांनी पदराला हात पुसला आणि मितालीच्या केसांवरून फिरवायला पुढे केला.

मितालीच्या हातातली शेंग खाली पडली. तिने डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी गाल झाकून घेतले.