धूळ बसेपर्यंत

पडद्यावर आणखी एक इमारत कोसळली आणि राघवेंद्र सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "बघा, हे असलं बघायची ती. अजून काय पुरावा पाहिजे?"

ती म्हणजे शिवकन्या. गल्लीतल्या हॉस्टेलात राहून सरांच्या क्लासला मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी करणारी अहमदपूरकडची पोर. मागच्या महिन्यात तिनं जीव दिला; दुसऱ्या दिवशी क्लासची टेस्ट ठरल्या वेळेला झाली, तिच्या रूममेटनंही ती दिली. तेव्हापासून लातूरच्या त्या गल्लीत जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. हॉस्टेलवाले क्लासकडे, क्लासवाले मोबाइलकडे. मोबाइल तर हॉस्टेलनं कधीच काढून घेतलेला, म्हणून आता वाचनालयाची पाळी आली होती. जेवणाच्या सुट्टीत शिवकन्या वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर एक जपानी हाणामारीची कार्टून मालिका बघायची, एवढं सरांच्या कानावर आलं होतं.

मालिकेच्या डीव्हीडींचा संच किशोर विभागात ठेवायचा की काढून टाकायचा, हे ठरवायला तिघं बसले होते: राघवेंद्र सर, ग्रंथपाल मालविकाबाई आणि वाचनालय समितीचे अध्यक्ष बापूसाहेब, निवृत्त हेडमास्तर. मालिका लावून द्यायला पुनमला बोलावलं होतं. बिलोलीची पुनम शिवकन्येची रूममेट. मालिकेचा नाद तिनंच तिला लावलेला. मालिका वाईट ठरली की आपणही ठरलो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पडद्यावर एक तलवारवाली मुलगी या भिंतीवरून त्या भिंतीवर उडत होती. माणसं मरत होती, उरलेली लगेच पुढच्या मारामारीला लागत होती. जपानी बोलणं ताशासारखं तडतडत होतं. खाली इंग्रजी ओळी यायच्या आणि वाचेपर्यंत पसार व्हायच्या.

"यांना श्वास घ्यायला फुरसत नाही," मालविकाबाई हळूच म्हणाल्या. संच त्यांनीच मागवला होता. आता त्यांचाही धीर सुटत चालला होता.

"मैत्रीण मेली तरी ही पोरगी थांबत नाही. लगेच तलवार!" राघवेंद्र सर म्हणाले. "मरण म्हणजे काहीच नाही, असं शिकवतायत पोरांना. काढून टाका."

पुनम मान खाली घालून बसली होती. बापूसाहेब मात्र डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होते.

"पुनम, जरा मागं घे गं. इमारत पडते तिथं."

तिनं घेतलं. इमारत पडली, धूळ उठली, बसली.

"न्हाई," बापूसाहेब म्हणाले. "धूळ अशी बसत न्हाई."

"कार्टून आहे साहेब ते," सर हसले.

"असू द्या की. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव गेलं, तवा या हातानं दगडं उपसलेत मी. दिवस वर आला तरी समोरचा माणूस दिसंना, इतकी धूळ. या चित्रवाल्यानं बाकी सगळं बराबर काढलंय. भिंत कशी फाटती, ते बी. मग धुळीचंच कसं चुकंल?" ते पुनमकडे वळले. "पोरी, हे पळवून दाखवायलीस का आम्हाला?"

पुनमनं चटकन हात मागे घेतला. "दुप्पट वेगावर हाय, सर. आम्ही क्लासची रेकॉर्ड केलेली लेक्चरं इथं तशीच बघतो ना. सवयीनं लावलं. आन् कुणी बोलत नसलं की पुढं ढकलतो. सर फळा पुसतेत, तवा ढकलतो तसं."

एका मालिकेचा न्याय करायला बसलेली तीन शहाणी माणसं इतका वेळ तिला पळवत बघत होती आणि एकालाही वावगं वाटलं नव्हतं. राघवेंद्र सरांना तर वाटायचं कारणच नव्हतं. त्यांची लेक्चरं सगळी पोरं अशीच ऐकतात.

"साध्या वेगानं लाव," बापूसाहेब म्हणाले. "आन् काही ढकलू नको."

इमारत पुन्हा पडली. धूळ किती तरी वेळ नुसती तरंगत राहिली. मग तलवारवाली मुलगी दिसली. ती मेलेल्या मैत्रिणीजवळ बसली होती, तलवार बाजूला टाकून. एक म्हातारी आली, तिच्या खांद्यावर घोंगडी टाकून शेजारी बसली. दोघी बोलल्या नाहीत. आभाळातला उजेड गेला, तरी त्या तिथंच.

"इथं काही घडतच नाही," राघवेंद्र सर म्हणाले. "पुढं घे."

सरांचा आवाज आला तसं पुनमचं बोट बटणाकडे गेलं.

"राहू दे," बापूसाहेब म्हणाले. "आमच्या गावाला सगळ्यांना एकदमच अग्नी दिला. घाई होती. कुणाला कुणाजवळ असं बसू दिलं न्हाई."

मालविकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. राघवेंद्र सरांनी घड्याळ बघितलं.

पुनमचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. हा भाग तिनं शिवकन्येच्या शेजारी बसून बघितला होता, आणि हे तिनं कधीच बघितलं नव्हतं.

"सर," पडद्यावरची नजर न काढता तिनं राघवेंद्र सरांना विचारलं, "हिची दुसऱ्या दिवशी टेस्ट नव्हती का?"